बेट आणि चौरस : प्रा. भरूचा यांची वनस्पतिपरिस्थितिकी व कुही परिसरातील वनखंड

जलवेष्टित भूमीला मराठीत दोन शब्द आहेत आणि ते एकाच वस्तूकडे दोन निराळ्या अंगांनी पाहतात. 'द्वीप' हा शब्द पाण्यावरून सिद्ध झाला आहे. 'द्वि' या पदापुढे 'अप्' आला असता त्याच्या आद्य अकाराचा ईकार होतो, असे पाणिनीने सांगितले आहे. ज्याच्या दोहों बाजूंस पाणी ते द्वीप. 'बेट' या शब्दाला मात्र पाण्याची अपेक्षा नाही. वेळूचे बेट, कळकाचे बेट असे म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात असतो तो दाटीने एकत्र वाढलेला आणि भोवतालच्या मोकळ्या जमिनीहून वेगळा दिसणारा समूह. कन्नडातील 'बेट्ट' म्हणजे डोंगर; उच्चाराचे हे साम्य कोणाच्याही ध्यानात येईल, पण तेवढ्यावरून व्युत्पत्ती ठरत नाही. येथे महत्त्वाचे इतकेच की, 'द्वीप' हा शब्द भूमीला तिच्या सीमेवरून ओळखतो आणि 'बेट' हा शब्द तिला आतील वस्तीवरून ओळखतो. उष्णकटिबंधातील बेटांच्या वनस्पतिजीवनाचा अभ्यास गेल्या शतकात ज्या वाटेने गेला, ती वाट या दोन दृष्टींच्या मधूनच जाते.

कुही हे नागपूर जिल्ह्याच्या पूर्व भागातील तालुक्याचे गाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. तालुक्याच्या सीमेवर अंभोरा येथे कन्हान वैनगंगेस मिळते. पाच नद्यांचा संगम म्हणून त्या स्थानाची ख्याती आहे. मुकुंदराजांनी शके १११० मध्ये 'विवेकसिंधु' रचला तो येथेच, अशी विदर्भातील परंपरा सांगते. मराठवाडा हा मान अंबाजोगाईला देतो आणि हा वाद अभ्यासकांत अजून मिटलेला नाही. तालुक्यात धान, कापूस, तूर व मिरची यांची शेते पसरलेली आहेत. २०१२ मध्ये घोषित झालेल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचा काही भाग या तालुक्यात येतो. वैनगंगेवर पवनीजवळ गोसीखुर्द येथे बांधलेल्या धरणाचे पाणी मागे सरकत येथवर पोचते. शेतांनी वेढलेले रान आणि पाण्याने वेढली जाणारी टेकडी ही दोन्ही दृश्ये एकाच तालुक्यात दिसत असल्यामुळे, बेटांचे शास्त्र येथे परके राहत नाही. या शास्त्राची एक महत्त्वाची शाखा महाराष्ट्रातच, मुंबईच्या बेटांवर, शिकवली व अभ्यासली गेली होती. तिचे पद्धतशास्त्र समजून घेतले म्हणजे कुहीच्या रानाकडे कोणता प्रश्न घेऊन जावयाचे हे ठरविता येते.

मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, म्हणजे स्वातंत्र्यानंतरच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, वनस्पतिशास्त्राचे अध्यापन करणारे प्रा. एफ. आर. भरूचा हे या शाखेचे भारतातील आद्य प्रवर्तक होत. १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांनी फ्रान्समधील माँपेलिये येथे जोसियास ब्राउन-ब्लांके यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले. विषय होता भूमध्यसागरी प्रदेशातील रुक्ष, झुडपी माळांवरच्या एका वनस्पतिसमाजाचा. उष्णकटिबंधाशी त्याचा काही संबंध नव्हता. परंतु भरूचा तेथून वनस्पतींच्या याद्या घेऊन परतले नाहीत. त्यांनी आणली ती पाहण्याची एक शिस्त. तिला वनस्पतिसमाजशास्त्र असे नाव आहे. एखाद्या स्थळी कोणत्या जाती आहेत एवढे नोंदवून ती थांबत नाही. त्या जाती एकमेकींच्या सोबतीने कशा राहतात, याचा हिशेब ती मागते.

हा हिशेब दोन अंकांत मांडला जातो. अभ्यासक एकसारख्या दिसणाऱ्या वनस्पतीच्या पट्ट्यात एक चौरस आखतो आणि त्यातील प्रत्येक जातीपुढे पहिला अंक लिहितो तो आच्छादनाचा. तीन-चतुर्थांशाहून अधिक भूमी झाकणाऱ्या जातीला ५, अर्ध्यापासून तीन-चतुर्थांशापर्यंत ४, असे उतरत जाऊन, पाच टक्क्यांहून कमी जागा व्यापणाऱ्या पण संख्येने पुष्कळ असलेल्या जातीला १ आणि तुरळक जातीला केवळ अधिक चिन्ह. दुसरा अंक सहवासाचा. एकटीदुकटी वाढणारी वनस्पती १, लहान झुपक्यांनी वाढणारी २, आणि अखंड गर्दी करून राहणारी ५. मराठी भाषकाला या दुसऱ्या अंकाचे फारसे स्पष्टीकरण द्यावे लागू नये. वेळूचे 'बेट' म्हणताना त्याने नकळत हाच अंक दिलेला असतो.

या पद्धतीवर आक्षेप आले आणि ते निराधार नव्हते. अमेरिकेत हेन्री ग्लीसन यांनी १९२६ मध्येच असे प्रतिपादले होते की, वनस्पतिसमाज ही काही ठाम सीमांची वस्तू नव्हे. प्रत्येक जात आपापल्या गरजेनुसार पसरते आणि समाज म्हणून जे दिसते ते अनेक स्वतंत्र प्रसारांचा योगायोग असतो. ब्राउन-ब्लांके संप्रदायातील नामकरणाचा सोस पाहिला म्हणजे ग्लीसन यांच्या बाजूने मत द्यावेसे वाटते. तथापि नामकरण बाजूला ठेवले तरी नोंदी उरतातच. एकाच रीतीने घेतलेल्या नोंदी पन्नास वर्षांनंतरच्या दुसऱ्या अभ्यासकाला तुलनेसाठी वापरता येतात. या दृष्टीने पाहता भरूचा यांच्या अध्यापनाचे मोल त्यांच्या वर्गीकरणाहून मोठे ठरते. डब्ल्यू. सी. डी लेऊ यांच्यासह त्यांनी १९५७ मध्ये या शास्त्राची एक व्यावहारिक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, ती वनाधिकारी आणि कृषितज्ज्ञ यांच्यासाठी. शंकरनारायण यांच्या सहकार्याने पश्चिम घाटातील गवताळ प्रदेशांचा त्यांनी केलेला अभ्यास १९५८ मध्ये प्रकाशित झाला. त्यांचे विद्यार्थी व्ही. एम. मेहेर-होमजी यांनी पुढे पुदुच्चेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटमध्ये भारतीय वनस्पतिभूगोलात दीर्घकाळ काम केले. भरूचा यांचे भारताच्या वनस्पतिभूगोलावरील पाठ्यपुस्तक १९८३ मध्ये निघाले.

मुंबईत त्यांच्या हाताशी असलेली प्रयोगभूमी मात्र बेटांची होती. मुंबई म्हणजे मूळची सात बेटे. तिच्या उत्तरेस साष्टी. 'साष्टी' हे नाव सहासष्ट गावांवरून, 'षट्षष्टि' या संख्यावाचकावरून आले असे मानले जाते आणि गोव्यातील साष्टीचेही तेच. या बेटांच्या काठाने, खाड्यांच्या चिखलात, खारफुटीची झाडी होती व काही ठिकाणी आजही आहे: तिवर, कांदळ, चिप्पी, काजळा, मारांडी. बी. एस. नवलकर यांनी भरूचा यांच्यासह या झाडीचा अभ्यास आरंभिला. १९४२ च्या त्यांच्या एका निबंधात समुद्राचे पाणी, मातीतील द्रव आणि पानांतील पेशीरस या तिहींमधील क्लोराइडचे प्रमाण तपासलेले आहे. पुढे नवलकर यांनी मुंबई व साष्टी या बेटांवरील खारफुटीचा अनुक्रम आणि तेथील क्षारसह वनस्पतींचे भौगोलिक वितरण या विषयांवर स्वतंत्र लेख लिहिले. ते १९५० च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आले.

पाणी, माती आणि पान या तिघांचे मापन एकत्र का करावयाचे, हे समजल्याशिवाय त्या कामाचे मर्म कळत नाही. समुद्राच्या पाण्यात हजार भागांत सुमारे पस्तीस भाग क्षार असतात. अशा पाण्यात मुळे रोवलेल्या झाडाला पाणी आत ओढून घ्यावयाचे असेल, तर त्याच्या पेशीरसाची तीव्रता बाहेरच्या द्रवाहून अधिक असावी लागते. अन्यथा पाण्यात उभे राहूनही ते तहानेने मरेल. ही अडचण प्रत्येक जात निराळ्या युक्तीने सोडविते. तिवर मिठाचा काही अंश आत येऊ देते आणि पानांवरील ग्रंथींतून तो बाहेर टाकते. कोरड्या दिवशी तिच्या पानाला जीभ लावली तर खारट लागते. कांदळ मिठाला मुळांपाशीच बहुतांशी अडवितो. तिवरेची श्वासमुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात, तर कांदळाची आधारमुळे खोडापासून कमानीसारखी खाली उतरतात. म्हणून भरतीची उंची, पाणी ओसरल्यावर चिखलात उरणारा क्षार आणि गोड्या पाण्याचा पुरवठा यांत अल्पसा फरक पडला तरी जातींची जागा बदलते. काठापासून आत जाताना दिसणारे खारफुटीचे पट्टे म्हणजे या मापांचाच जमिनीवर उमटलेला आलेख होय.

कांदळाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती बेटांच्या शास्त्राला थेट भिडते. त्याचे बी झाडावर असतानाच रुजते. हिरवी, लांबट, शेंगेसारखी दिसणारी रोपे फांद्यांना लोंबतात आणि पुढे गळून चिखलात रुततात किंवा पाण्यावर तरंगत दूर जातात. इतर वृक्षांना जे पाणी अडसर वाटते तेच कांदळाला वाहन होते. साष्टीच्या डोंगरावरील सागाला खाडी ही सीमा आहे. खाडीतील कांदळाला ती हमरस्ता आहे. बेट हे सर्व जातींना सारखेच बेट नसते, हा विचार येथेच उगवतो. नवलकर यांच्या निबंधांचे शीर्षक 'मुंबई व साष्टी बेटे' असे असले, तरी त्यांच्या खारफुटीला ती दोन बेटे नव्हती. तिच्या दृष्टीने तो भरतीच्या पाण्याने जोडलेला एकच काठ होता.

माणसाने पुढे या बेटांचे बेटपण उलट बाजूने पुसले. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून बांध आणि भराव घालून सात बेटे जोडली गेली; १८४५ मध्ये माहीमचा पूल मुंबईला साष्टीशी जोडू लागला. जमीन सलग झाली आणि खारफुटीचा काठ तुटला. एके काळी सलग असलेली झाडी खाडीखाडीतून विखुरली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये खारफुटीच्या तोडीस आणि तिच्यावरील भरावास प्रतिबंध करणारा आदेश दिला, राज्य शासनाने २०१२ मध्ये वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला आणि २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान्यता दिली. या निर्णयांच्या काळी नवलकर यांच्या नोंदींना अर्धशतक उलटून गेले होते.

भरूचा यांच्या संप्रदायातून आलेले एक प्रात्यक्षिक आजही भारतातील वनस्पतिशास्त्राच्या वर्गांत केले जाते. विद्यार्थी प्रथम लहान चौरस आखून त्यातील जाती मोजतो, मग चौरस दुप्पट करतो, पुन्हा दुप्पट करतो. आरंभी जातींची संख्या झपाट्याने वाढते, पुढे वाढ मंदावते. आलेखाची रेषा जेथे आडवी होऊ लागते, तेवढे क्षेत्र नमुन्यासाठी किमान पुरेसे समजावयाचे. वहीत आलेख काढला जातो, स्वाक्षरी होते आणि विषय संपतो. हे प्रात्यक्षिक इतके सवयीचे झाले आहे की, त्या रेषेत याहून काही मोठे दडले असेल अशी शंकाही सहसा येत नाही.

क्षेत्र वाढते तशी जातींची संख्या कोणत्या गणिताने वाढते, याचा विचार ओलाफ अऱ्हेनियस यांनी १९२१ मध्ये मांडला होता. क्षेत्राचा एक ठरावीक घात घेतला की जातींच्या संख्येचा अंदाज येतो, असे त्याचे सार. १९६३ मध्ये एका निबंधात आणि १९६७ मध्ये ग्रंथरूपाने रॉबर्ट मॅक्आर्थर व एडवर्ड विल्सन यांनी हाच संबंध समुद्रातील बेटांना लावला आणि त्यामागे एक कारणही ठेवले. बेटावर नव्या जाती येत राहतात व असलेल्या नष्ट होत राहतात. येण्याचा वेग अंतरावर आणि जाण्याचा वेग क्षेत्रावर अवलंबून असतो. दोन्ही वेग समान झाले की जातींची संख्या स्थिरावते, जाती मात्र बदलत राहतात. विल्सन यांनी डॅनियल सिम्बरलॉफ यांच्यासह याची परीक्षा घेतली ती फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर, कांदळाच्याच कुळातील झाडांनी बनलेल्या चिमुकल्या बेटांवर. त्यांनी ती बेटे तंबूंनी झाकून, विषारी धूर देऊन त्यांवरील कीटकादी प्राणी मारले आणि नंतर कोण परत येते ते मोजले. वर्षभराच्या आत जातींची संख्या बहुतेक बेटांवर पूर्वीच्या जवळ आली, पण सर्वांत दूरच्या बेटावर ती कमीच राहिली. ज्या झाडात मुंबईच्या अभ्यासकांनी क्लोराइड मोजले, त्याच झाडाच्या एका भावंडावर हा प्रयोग व्हावा हा निव्वळ योगायोग होय. तथापि अध्यापनात दोन्ही कामे शेजारी ठेवण्यासारखी आहेत. एक सांगते की झाड एका जागी कसे टिकते. दुसरे सांगते की त्या जागेवरची वस्ती कशी ठरते.

आता वहीतील आलेख आणि बेटांचा आलेख एकमेकांवर ठेवून पाहावेत. सलग वनात आखलेल्या चौरसांसाठी अऱ्हेनियस यांच्या सूत्रातील घातांक साधारणतः ०.१२ ते ०.१९ च्या दरम्यान आढळतो. खऱ्या बेटांसाठी तो ०.२० ते ०.३५ असा चढा असतो. फरक किरकोळ दिसतो, परंतु परिणाम किरकोळ नाही. कल्पना करावी की एका सलग वनात वृक्षवनस्पतींच्या शंभर जाती आहेत. त्याच्या एक-दशांश क्षेत्राचा चौरस आखला, तर ०.१५ या घातांकाने त्यात सुमारे ७१ जाती सापडतील. हेच एक-दशांश क्षेत्र भोवतालचे वन तोडून एकटे ठेवले आणि ते खऱ्या बेटासारखे वागू लागले, तर ०.३० या घातांकाने तेथे अखेर ५० च जाती टिकतील. चौरसात सापडणाऱ्या उरलेल्या एकवीस जाती तेथे स्वबळावर नव्हत्याच. बाहेरच्या वनातून येणाऱ्या बीजांनी, परागकणांनी आणि पाखरांनी त्यांची हजेरी लावून ठेवली होती. बाहेरचे वन गेले की त्यांची नावे पटावर काही काळ राहतात, एवढेच. १९९४ मध्ये डेव्हिड टिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अवस्थेला विलोपनाचे ऋण असे नाव दिले; कर्ज आज झालेले असते, वसुली पुढील पिढ्यांत होते.

हे ऋण वनस्पतींच्या बाबतीत विशेष फसवे असते, कारण वृक्ष दीर्घायुषी असतात. पक्षी किंवा सस्तन प्राणी नाहीसे झाले की काही वर्षांतच ते जाणवते. वृक्ष मात्र शतकभर उभा राहू शकतो आणि त्या शतकात त्याचे एकही रोप वाढले नाही हे कोणाच्या ध्यानात येत नाही. डॅनियल जॅन्झन यांनी मध्य अमेरिकेतील कुरणांत एकाकी उभ्या असलेल्या वृक्षांना 'जिवंत मृत' म्हटले ते याच अर्थाने. व्हेनेझुएलात कारोनी नदीवरील गुरी धरणाचे पाणी १९८६ मध्ये पूर्ण चढले आणि टेकड्यांची शेकडो बेटे झाली. जॉन टरबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये जे प्रसिद्ध केले ते चिंता वाटावी असे होते. लहान बेटांवर शिकारी प्राणी उरले नव्हते. पाने खाणारे प्राणी, त्यांत पाने कातरणाऱ्या मुंग्याही आल्या, मुख्य भूमीच्या दहापट ते शंभरपट झाले होते. आणि उंच वृक्षांची रोपे व कोवळी झाडे अतिशय घटली होती. वरून पाहणाऱ्याला मात्र ती बेटे हिरवीगारच दिसत होती.

या पार्श्वभूमीवर कुहीकडे वळले असता पहिला प्रश्न पडतो तो असा की, शेत हे समुद्रासारखे आहे काय? उत्तर एका शब्दात देता येत नाही, आणि बेटांचा सिद्धान्त जमिनीवरील वनांना जसाच्या तसा लावणाऱ्यांवर झालेली टीका याच मुद्द्यावर आहे. २०१३ मध्ये 'जय' नावाने पुढे प्रसिद्ध झालेला वाघ नागझिऱ्याहून उमरेड-कऱ्हांडल्यात चालत आला. त्याला शेते, रस्ते आणि नदी ओलांडता आली. पण वाघाला जे साधते ते वृक्षाला साधेलच असे नाही. धावड्याचे इवलेसे पंखधारी फळ वारा नेतो. ऐनाचे फळही पंखधारी असले तरी जड असल्याने ते फार दूर जात नाही. तेंदू आणि चारोळी यांची फळे अस्वले, कोल्हे व उदमांजरे खातात आणि बिया दुसरीकडे टाकतात; म्हणजे या वृक्षांचा प्रवास त्या प्राण्यांच्या प्रवासाइतकाच लांब असतो. मोहाच्या फुलांवर व फळांवर वटवाघळे येतात, त्यांना शेतावरून उडण्याची अडचण नाही. शिवाय मोहाचे झाड शेताच्या धुऱ्यावर राखण्याची रीत विदर्भात जुनी आहे. म्हणून मोहासाठी कुहीचे शेत म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी ओलांडता येणारे उथळ पाणी आहे, तर अस्वलाची वर्दळ थांबलेल्या रानातील तेंदूला तेच शेत खोल ठरते. अर्थात धुऱ्यावरचा मोहही संशयातीत नाही: त्याची फुले वेचली जातात, टोळीसाठी फळे गोळा होतात, खाली नांगर फिरतो, आणि रोपाला जागा उरत नाही. जॅन्झन यांचे ते दोन शब्द येथे आठवल्यावाचून राहत नाहीत.

वेळूचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. मानवेल ही या भागातील वनांतील प्रमुख बांबूजात. तिला काही दशकांनी एकदा, आणि पुष्कळदा मोठ्या प्रदेशात एकाच वेळी, फुले येतात. बी धरते, आणि फुललेली बेटे वाळून जातात. सलग वनात हा सोहळा पुनर्जन्माचा असतो, कारण कोट्यवधी बिया पडतात व काही भागात तरी रोपे वाचतात. तुकड्यातुकड्यांच्या वनात मात्र फुलोऱ्याच्या मागून येणारी दोन-तीन वर्षे निर्णायक असतात. चराई किंवा वणवा त्या काळात रोपांवर आला, तर बेटातून बेट नाहीसे होते आणि पुढचा फुलोरा येईपर्यंत, म्हणजे कित्येक दशके, तेथे परत येण्यास बीज उरत नाही. याच्या उलट तेंदूला मुळांपासून फुटवे येतात, त्यामुळे बियांचा प्रवास थांबला तरी तो जागा धरून राहतो. टणटणीसारखी उष्णकटिबंधीय अमेरिकेतून आलेली झुडपे तर वनखंडाच्या कडांवरच फोफावतात. आणि खंड जितका लहान, तितकी त्याची कड क्षेत्राच्या मानाने अधिक.

कुही परिसरातील हे विभाजन केवळ आजचे नव्हे. तालुक्यातील अडम येथे १९८८ ते १९९२ या काळात झालेल्या उत्खननात तटबंदीचे प्राचीन नगर उजेडात आले. जेथे नगर होते तेथे त्याला पोसणारी शेती होती आणि जळण पुरविणारे रान तोडले जात होते. तेव्हा येथील वन ही कधी काळची अस्पर्श सृष्टी होती व कालपरवा तिचे तुकडे झाले, असे चित्र रंगविणे इतिहासाला धरून होणार नाही. नवे आहे ते तुकड्यांमधील अंतराचे आणि अडथळ्यांचे स्वरूप. गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली आणि २००९ मध्ये त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला; त्याच्या पाण्याने नदीकाठची गावे, शेते आणि झाडी व्यापली. ज्या पट्ट्याने वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील रानांचा संबंध राहत होता, त्यात आता रुंद जलाशय आहे.

पुण्यात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवराया अभ्यासल्या, त्यांचा उल्लेख येथे आवश्यक आहे. त्यांचा १९७६ मधील निबंध बेटांच्या सिद्धान्तासाठी लिहिलेला नव्हता. परंतु श्रद्धेने राखलेली, काही गुंठ्यांपासून काही हेक्टरांपर्यंतची ही झाडी म्हणजे शतकानुशतके चाललेला बेटांचाच प्रयोग होय. अनेक देवरायांत गारंबीसारख्या महावेली टिकल्या. भोवतालचे रान असतानाच्या काळापासून त्या तेथे होत्या, की एकट्या पडल्यानंतरही त्यांची नवी पिढी उगवली, हा भेद केवळ जातींच्या यादीवरून करता येत नाही. यादी आणि रोपांची मोजणी यांत जे अंतर आहे तेच येथे कळीचे ठरते.

ते अंतर भरून काढण्याचा मार्ग पनामात दिसतो. चाग्रेस नदी अडवून गातुन सरोवर भरले तेव्हा, १९१३ च्या सुमारास, एका टेकडीचे बारो कोलोरादो हे सुमारे पंधराशे हेक्टरांचे बेट झाले. तेथे १९८० च्या दशकाच्या आरंभी ५० हेक्टरांचा कायमचा चौरस आखण्यात आला आणि त्यातील एक सेंटिमीटरहून जाड असे प्रत्येक खोड क्रमांक देऊन मोजले गेले: दोन लाखांहून अधिक खोडे, सुमारे ३०० जाती. तेव्हापासून साधारण पाच-पाच वर्षांनी मोजणी पुन्हा होते. भारतात मुदुमलाई येथे १९८८ मध्ये तसाच ५० हेक्टरांचा चौरस आखला गेला. तेथील वन पानझडी असल्याने विदर्भाच्या अभ्यासकाला तो पनामाहून अधिक जवळचा आहे. भरूचा यांच्या शिष्यांचा चौरस एका भेटीचा होता. हा चौरस पिढ्यांचा आहे. एवढे मोठे क्षेत्र व मनुष्यबळ प्रत्येक विद्यापीठाला झेपणार नाही हे उघड आहे. पण पद्धतीचा गाभा लहान क्षेत्रातही टिकतो. अभयारण्याच्या आतील सलग रानात काही, शेतांनी वेढलेल्या वनखंडांत काही आणि जलाशयाच्या काठावरील टेकड्यांवर काही असे समान आकाराचे चौरस घेऊन, प्रत्येक जातीपुढे आच्छादन व सहवास या दोन अंकांशेजारी तिसरा स्तंभ रोपांचा ठेवला, तर प्रात्यक्षिकाच्या वहीतील तीच रेषा निराळे बोलू लागेल. वृक्षांच्या यादीत तीन ठिकाणी फरक न दिसता रोपांच्या स्तंभात दिसला, तर तो फरक म्हणजे त्या ऋणाची पहिली नोंद समजावी लागेल.

परिभाषेचा प्रश्न शेवटी उरतो. १९३५ मध्ये आर्थर टान्सली यांनी घडविलेल्या संज्ञेला मराठीत 'परिसंस्था' हा शब्द रूढ झाला आहे आणि तो चांगला आहे. वनखंडाला मात्र 'अधिवास-द्वीप' असा प्रतिशब्द योजणे जड तर होतेच, शिवाय अर्थदृष्ट्याही गैरसोयीचे ठरते. कारण जेथे पाणीच नाही तेथे 'दोहों बाजूंस पाणी' असा अर्थ वाहणारा शब्द आणावा लागतो. 'रानबेट' हा शब्द बोलीच्या अंगाने सहज बनतो. तो आतील दाटी सांगतो आणि भोवती काय आहे, पाणी की धानाचे बांध, हे अभ्यासकाला मोजून ठरविण्यासाठी मोकळे ठेवतो. धरणाच्या पाण्याने खरोखर वेढलेल्या टेकडीपुरता 'द्वीप' हा शब्द राखून ठेवावा. अंभोऱ्याच्या संगमाजवळच्या भूमीला तो त्याच्या मूळ अर्थानेही लागू पडतो.